ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील इलेक्ट्रिकल दोष कसा शोधावा

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा द्वारका परिसरातल्या गॅरेजमध्ये आयटीआय पूर्ण करून नव्याने कामाला लागलेली मुले क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शनची कामे वर्षभरात व्यवस्थित शिकतात. पण चेक लाईट लागलेली ऑटोमॅटिक गाडी दारात येऊन उभी राहिली, की त्यांचा हात आखडतो. गिअरबॉक्स म्हणजे मोठे काम, मोठा खर्च आणि चुकले तर मोठी जबाबदारी, ही धास्ती मनात असते. सुरुवातीला ती मलाही होती. मात्र इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट पक्की कळली आहे, की अशा पुष्कळ तक्रारींमध्ये गिअरबॉक्स उघडावाच लागत नाही. दोष असतो तो बॅटरीच्या सैल केबलमध्ये, पाणी शिरलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये), उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये किंवा एखाद्या सेन्सरमध्ये. तो शोधण्यासाठी मी स्वतः ज्या क्रमाने जातो, तोच क्रम येथे मांडत आहे. हा क्रम मोडू नये, कारण आधीची पायरी पक्की नसेल तर पुढच्या पायरीवर मीटर जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

यंत्रणा आधी डोळ्यांपुढे आणावी

गिअर केव्हा बदलायचा हे ठरवणारे एक कंट्रोल युनिट असते. त्याला आपण टीसीयू किंवा टीसीएम म्हणतो. या युनिटकडे माहिती येते ती सेन्सरकडून. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा वेग आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग सांगणारे दोन सेन्सर असतात, एक ऑइलचे तापमान सांगतो, एक गिअर लिव्हर पी, आर, एन, डी यांपैकी कोठे आहे हे सांगतो, आणि ब्रेक दाबला आहे की नाही हे ब्रेक स्विच सांगतो. अॅक्सिलरेटर किती दाबला आहे आणि इंजिनवर किती भार आहे, ही माहिती इंजिनच्या ईसीयूकडून (इंजिनच्या कंट्रोल युनिटकडून) कॅन लाईनवरून, म्हणजे युनिटना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींच्या जोडीवरून, येते. हे सारे जुळवून टीसीयू व्हॉल्व्ह बॉडीतल्या (गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या वाटा असलेल्या भागातल्या) सोलेनॉईडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हना, करंट देतो, सोलेनॉईड ऑइलचा मार्ग उघडतात किंवा बंद करतात, आणि गिअर बदलतो.

आपल्याकडच्या रस्त्यांवर एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाड्याही भरपूर आहेत. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये ही यंत्रणा आणली आणि त्यानंतर ती छोट्या गाड्यांमध्ये झपाट्याने पसरली. एएमटीमध्ये गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे अॅक्च्युएटर करतो. तपासणीचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, फक्त एएमटीत ऑइल पंपाची मोटर, तिचा रिले आणि क्लचची पोझिशन सांगणारा सेन्सर यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. ज्या एएमटीत हायड्रॉलिक अॅक्च्युएटर आहे, तिच्या अॅक्युम्युलेटरमध्ये गाडी बंद असतानाही मोठा दाब साठलेला असतो. कंपनीच्या पद्धतीने तो दाब उतरवल्याशिवाय तेथील पाइप किंवा नट कधीही सैल करू नये.

एखाद्या महत्त्वाच्या माहितीवर टीसीयूचा भरवसा उरला नाही, की तो सोलेनॉईडचा सप्लाय तोडतो आणि गाडीला एखाद्या ठरावीक गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्यात, अडकवून ठेवतो. ग्राहक सांगतो, "गाडी उचलतच नाही." हा लिम्प मोड होय. आतले क्लच जळू नयेत म्हणून युनिटने मुद्दाम केलेली ती व्यवस्था असते, त्यामुळे तिला गिअरबॉक्सचा बिघाड समजू नये.

ग्राहकाचे बोलणे पूर्ण ऐकावे

मीटर बाहेर काढण्याआधी दहा मिनिटे ग्राहकाला द्यावीत आणि त्याचे बोलणे जॉब कार्डवर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दोष थंड गाडीत येतो की तापल्यावर, पावसात येतो की धुलाईनंतर, खड्ड्यातून जाताना येतो की सरळ रस्त्यावर, आणि तो सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात गाडीचे कोणते काम झाले होते, हे प्रश्न नक्की विचारावेत. तापल्यावर येणारा दोष कॉइलकडे किंवा चिरलेल्या सोल्डरकडे बोट दाखवतो, पावसातला दोष कपलरकडे आणि खड्ड्यातला दोष लूज कॉन्टॅक्टकडे. बॅटरी बदलल्यानंतर सुरू झालेला दोष बहुतेक वेळा बॅटरीपाशीच सापडतो.

गाडी कोणत्या भागातली आहे, हेही मी विचारतो. इगतपुरी, घोटी आणि त्र्यंबकेश्वरकडच्या गाड्या पावसाचे चार महिने ओल्याच असतात आणि त्यांच्या कपलरमध्ये हिरवट गंज हमखास दिसतो. निफाड, पिंपळगाव, लासलगाव या पट्ट्यातल्या गाड्या कांद्याच्या चाळीशेजारी किंवा द्राक्षबागेच्या शेडमध्ये उभ्या असतात, तेथे उंदीर वायरिंगला सोडत नाहीत. शिवाय हिवाळ्यात निफाडचा पारा बऱ्याचदा राज्यात सर्वांत खाली जातो, आणि थंडीत बॅटरीची ताकद कमी होत असल्याने अर्धवट चार्ज असलेली बॅटरी नेमकी पहाटे स्टार्टर मारताना बसते. शहरातल्या गाडीबाबत एक प्रश्न आवर्जून विचारावा, तो पुराच्या पाण्याचा. गोदाकाठी उभी केलेली गाडी चाकांच्या वरपर्यंत पाण्यात राहिली असेल, तर ती वाळल्यावर ठीक चालते आणि दोन-तीन महिन्यांनी त्रास देऊ लागते, कारण कपलरमध्ये राहिलेली ओल आतल्या पिना हळूहळू खात असते. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्या मूर्तीवरून पुराची पातळी सांगतात, कुठवर बुडाला होता हे ग्राहकाला बरोबर आठवते. आपली गाडी तेव्हा कुठे उभी होती, हे मात्र विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

बॅटरी आणि अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू): येथे घाई करू नये

टीसीयूला पुरेसे आणि स्थिर व्होल्टेज मिळाले नाही, तर तो असंबद्ध वाटणारे कोड, म्हणजे दोषांचे क्रमांक, टाकतो. म्हणून पहिले मोजमाप बॅटरीचेच घ्यावे. काही तास उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज असेल, तर तिच्या टर्मिनलवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात; १२.२ च्या आसपास मिळाले तर ती निम्मीच भरलेली आहे असे समजावे आणि चार्ज केल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्टार्टर मारताना मीटर ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. अलीकडच्या काही गाड्यांमध्ये अल्टरनेटरवर संगणकाचे नियंत्रण असल्याने हा आकडा गरजेनुसार खालीवर होतो, ते लक्षात ठेवावे.

त्यानंतर टीसीयूचे फ्यूज तपासावेत. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून चालत नाही. तो जागेवरच ठेवून, इग्निशन चालू करून, त्याच्या दोन्ही डोक्यांवर टेस्ट लॅम्प किंवा मीटरने सप्लाय पाहावा.

आता या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या मोजमापाकडे येतो, ते म्हणजे भार असताना घेतलेला व्होल्टेज ड्रॉप, अर्थात वायरीत किंवा जोडातच वाया जाणारे व्होल्टेज. नवशिक्यांची सवय अशी असते, की मीटर बझरवर ठेवायचा, वायरीच्या दोन टोकांना प्रोब लावायचे आणि आवाज आला की "वायर ओके" म्हणायचे. या पद्धतीत मोठी फसगत आहे. बझरच्या रेंजमध्ये मीटर वायरीतून अगदी थोडा, मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतकाच, करंट सोडतो. वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असल्या, तरी उरलेली एक तार तेवढा करंट सहज वाहून नेते आणि बझर वाजतो. सोलेनॉईडला मात्र जवळजवळ एक अँपिअर लागतो, आणि तो त्या एका तारेतून नीट जात नाही. म्हणून वायर नेहमी कामाला जुंपलेली असतानाच तपासावी.

पद्धत अशी आहे. इंजिन चालू ठेवावे, हेडलाईट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर सुरू करावा. मीटर २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर ठेवून काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर धरावा. खुंटावरच, क्लॅम्पवर नव्हे, कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला गंज हाही आपल्याला शोधायचा आहे. लाल प्रोबला बारीक बॅकप्रोब पिन लावून ती टीसीयूच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, अर्थच्या पिनेपर्यंत सरकवावी. कपलर जोडलेलाच राहिला पाहिजे. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला आहे. तसेच बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट आणि टीसीयूची सप्लाय पिन यांच्यामध्ये मोजावे, तेथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर फ्यूजची बैठक, रिलेचे पॉइंट किंवा मधला एखादा जोड पाहावा.

यासंबंधी एक गाडी मला कायमची लक्षात राहिली आहे. रात्री एसी आणि हेडलाईट चालू असतानाच तिचा गिअर धक्क्याने पडत असे, दिवसा काहीच होत नसे. स्कॅनरमध्ये (युनिटमधले कोड वाचणाऱ्या यंत्रात) एका सोलेनॉईडचा, एका सेन्सरचा आणि कमी व्होल्टेजचा, असे एकमेकांशी संबंध नसलेले कोड होते, आणि दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ग्राहकाला व्हॉल्व्ह बॉडी बदलण्याचा खर्च सांगितला गेला होता. मी वरीलप्रमाणे अर्थ मोजला. भार नसताना ०.१२, आणि हेडलाईट लावताच ०.९ व्होल्ट. बॅटरीचा ट्रे काढला, तेव्हा त्याखाली बॉडीला जोडलेला अर्थचा बोल्ट हाताने फिरत होता. त्याच्या चकतीखाली रंगाचा थर आणि त्यावर तांबूस गंजाचे वर्तुळ जमलेले होते. दोन आठवड्यांपूर्वी बॅटरी बदलताना ट्रे काढला गेला होता, आणि बोल्ट तेव्हापासून सैल राहिला होता. पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले. पुन्हा मोजले तेव्हा आकडा ०.०४ आला. एका सैल बोल्टसाठी त्या माणसाने गिअरबॉक्स उघडू दिला असता, याचे मला आजही वाईट वाटते.

कोड काय सांगतो

बॅटरी आणि अर्थ पक्के झाल्यावरच स्कॅनर लावावा. कोड कोणत्या सर्किटमध्ये काय चुकले ते सांगतो, कोणता पार्ट बदला ते सांगत नाही. "इनपुट स्पीड सेन्सर सर्किट" असे स्क्रीनवर आले, तर त्यात सेन्सर आला, त्याच्या दोन किंवा तीन वायरी आल्या, दोन्ही टोकांचे कपलर आले आणि टीसीयूची पिनही आली. यांतले नेमके काय बिघडले ते शोधणे हेच आपले काम.

पी ०७०० हा कोड सर्वांत जास्त भेटतो आणि त्याचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. हा कोड इंजिनच्या ईसीयूत असतो आणि त्याचा अर्थ इतकाच, की टीसीयूने चेक लाईट लावण्याची विनंती केली आहे, तेव्हा खरा कोड टीसीयूत पाहा. स्वस्तातला मोबाईलला जोडायचा रीडर अनेकदा इंजिनचे युनिटच वाचतो आणि पी ०७०० वर थांबतो. टीसीयूशी बोलू शकणारा स्कॅनर हाताशी हवाच.

पी ०७०५ हा लिव्हरच्या पोझिशन सेन्सरच्या सर्किटचा, पी ०७१० ऑइलच्या तापमानाचा, पी ०७१५ इनपुट शाफ्टच्या वेगाचा आणि पी ०७२० आउटपुट शाफ्टच्या वेगाचा. सोलेनॉईडच्या कोडमध्ये शेवटचा आकडा बारकाईने वाचावा. पी ०७५३ म्हणजे पहिल्या शिफ्ट सोलेनॉईडच्या इलेक्ट्रिकल सर्किटमध्ये दोष. पी ०७५१ आणि पी ०७५२ म्हणजे तो सोलेनॉईड बंद किंवा चालू अवस्थेत अडकल्याचे टीसीयूला जाणवले, आणि तेथे खराब ऑइल किंवा अडकलेला व्हॉल्व्हही कारण असू शकतो. पी ०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही. हा कोड एकटाच असेल आणि एकही इलेक्ट्रिकल कोड सोबत नसेल, तर स्पीड सेन्सरचे वाचन खात्रीचे आहे हे आधी पाहून मग ऑइलची पातळी, त्याचा रंग आणि वास यांकडे वळावे.

कोड पुसण्याआधी सर्व कोड आणि फ्रीझ फ्रेमची माहिती, म्हणजे दोष नोंदला गेला तेव्हाचा वेग, तापमान आणि व्होल्टेज, लिहून किंवा फोटो काढून ठेवावी. पुसल्यावर ती परत मिळत नाही. तीन-चार कोड एकदम आले असतील, तर त्या सर्वांना सामाईक काय आहे ते वायरिंग डायग्रामवर शोधावे. एकच पाच व्होल्टचा सप्लाय दोन-तीन सेन्सरना जात असेल, तर त्यांतला एक सेन्सर आतून शॉर्ट झाल्याने सगळेच आंधळे होतात. अशा वेळी सेन्सरचे कपलर एकेक करून काढावेत आणि कोणता काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात ते पाहावे.

लाइव्ह डेटा वाचण्याची सवय लावावी

पार्टला हात लावण्याआधी स्क्रीनवरचे आकडे पुष्कळ काही सांगतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून पाहावी. कूलंट, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचे ऑइल या तिघांचे तापमान जवळजवळ सारखे असायला हवे. ऑइलचे तापमान उणे ४० अंश दिसत असेल, तर नाशिकची थंडी कितीही असली तरी ते खरे नाही. सर्किट कोठेतरी ओपन आहे.

या सेन्सरची एक सोपी आणि खात्रीची चाचणी आहे. तो दोन वायरींचा साधा थर्मिस्टर असतो, तापमान वाढले की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. कपलर काढावा, स्क्रीनवर उणे ४० च्या जवळचा आकडा आला पाहिजे. मग हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना छोट्या जंपर वायरने जोडाव्यात; आता आकडा अगदी वरच्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही गोष्टी घडल्या, तर वायरिंग आणि टीसीयू चांगले आहेत आणि दोष सेन्सरमध्ये आहे. जंपर लावूनही आकडा हलला नाही, तर वायर तपासावी. अनेक गाड्यांमध्ये हा सेन्सर गिअरबॉक्सच्या आत व्हॉल्व्ह बॉडीवर असतो; तेव्हा हीच चाचणी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या मोठ्या कपलरवर, डायग्राममधल्या पिनांचे नंबर पाहून करावी. जंपर चुकीच्या पिनांमध्ये गेला तर नुकसान होईल, म्हणून नंबर दोनदा तपासावेत.

लिव्हरच्या पोझिशन सेन्सरसाठी ब्रेक दाबून लिव्हर पी पासून डी पर्यंत आणि परत सावकाश फिरवावा. प्रत्येक जागी स्क्रीनवर तेच अक्षर दिसले पाहिजे आणि दोन जागांच्या मध्ये ते फार वेळ गायब होता कामा नये. गाडी पी मध्ये स्टार्ट होते पण एन मध्ये होत नाही, किंवा रिव्हर्सची लाईट कधी लागते कधी नाही, अशी तक्रार असेल तर सेन्सर बदलण्याआधी सिलेक्टर केबलचे अॅडजस्टमेंट पाहावे. लिव्हर पी मधून निघतच नसेल, तर मागे जाऊन ब्रेक लाईट लागते का ते बघावे. ब्रेक स्विच किंवा ब्रेक लाईटचा फ्यूज गेला, तर शिफ्ट लॉक सुटत नाही.

वेगाचे सेन्सर आकड्यांपेक्षा ग्राफवर चांगले समजतात. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या गाडीत एन मध्ये इंजिन चालू असताना इनपुट शाफ्टचा वेग साधारण इंजिनच्या वेगाइतका दिसतो, आणि ब्रेक दाबून डी टाकला की तो शून्यावर येतो. रस्त्यावर एका सहकाऱ्याला गाडी चालवायला द्यावी आणि आपण शेजारी बसून दोन्ही ग्राफ पाहावेत. धावत्या गाडीचा खरा वेग क्षणार्धात शून्य होऊन परत चढू शकत नाही; ग्राफमध्ये अशी उभी चीर दिसली, तर सिग्नल तुटतो आहे.

कपलर आणि वायर

घोटीहून आलेल्या एका गाडीत नेमकी अशीच चीर दिसत होती. कोड पी ०७२०. आउटपुट स्पीड सेन्सर दुसरीकडे दोनदा बदलून झाला होता आणि पहिला पाऊस पडला की गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची. गाडी जॅकवर घेऊन, घोड्या (आधाराचे स्टँड) लावून, मी खाली गेलो आणि सहकाऱ्याला ग्राफ पाहायला बसवले. हार्नेस इंचाइंचाने हलवत गेलो; वायरीला काही झाले नाही, पण कपलर बोटाने किंचित खाली दाबताच वरून आवाज आला, "गेला!" कपलर उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिला. तीन पिनांपैकी दोन समपातळीत होत्या, मधली अर्ध्या मिलिमीटरने मागे सरकलेली होती आणि तिचे तोंड फाकलेले होते. कोणीतरी मल्टिमीटरचा जाड प्रोब समोरून त्या पिनेत खुपसला होता, हे उघड होते. फाकलेल्या तोंडात नव्या सेन्सरची पिन सैल बसत होती, त्यात ओल शिरली की संपर्क सुटत होता. नवे टर्मिनल घालून लॉक बसवले, तेवढ्यावर काम झाले.

म्हणून पिनेच्या तोंडात समोरून प्रोब कधीही घालू नये. वायरीच्या इन्सुलेशनला सुईने भोक पाडून मोजणेही मी शिकाऊ मुलांना करू देत नाही. त्या भोकातून पावसाचे पाणी शिरते आणि पुढच्या वर्षी तीच वायर आतून हिरवी पडून तुटते.

कपलर उघडल्यावर पिनांचा रंग, सील, लॉक आणि ऑइलचा ओलावा पाहावा. काही गिअरबॉक्समध्ये आतले ऑइल कपलरमधून वायरीच्या तारांमधल्या फटींतून चढत पार टीसीयूपर्यंत पोहोचते. टीसीयूच्या कपलरमध्ये ऑइल दिसले, तर गिअरबॉक्सचा कपलर आणि त्याची सील बदलल्याशिवाय वरची सफाई टिकत नाही. गाडीच्या आत, कार्पेटखाली टीसीयू असेल, तर कार्पेट दाबून ओले आहे का पाहावे. एसीच्या पाण्याचा पाइप तुंबला की ते पाणी तेथेच जमते.

वायरीची वाहण्याची ताकद पाहायची असेल, तर दोन्ही टोकांचे कपलर काढून, एका टोकाला फ्यूजमधून बॅटरीचा सप्लाय देऊन, दुसऱ्या टोकाला २१ वॅटचा बल्ब लावावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर चांगली, मंद पेटला तर ती कोठेतरी तुटत आली आहे. हा बल्ब टीसीयू जोडलेला असताना कधीही लावू नये, आणि सेन्सरच्या बारीक वायरींसाठी त्याऐवजी ५ वॅटचा बल्ब घ्यावा. एअरबॅगच्या पिवळ्या आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी वायरींना यांपैकी कोणतीही चाचणी लावायची नाही.

सोलेनॉईड

गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कपलरवर, इग्निशन बंद ठेवून, प्रत्येक सोलेनॉईडचा रेझिस्टन्स मोजता येतो. फक्त चालू-बंद होणाऱ्या सोलेनॉईडचा रेझिस्टन्स बहुधा १० ते ३० ओहमच्या दरम्यान आणि दाब कमीजास्त करणाऱ्या लिनिअर सोलेनॉईडचा साधारण ३ ते ८ ओहम असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. मॅन्युअलमधला आकडा सामान्यतः २० अंशांचा असतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे २० अंशांना १५ ओहम दाखवणारी कॉइल ९० अंशांना १९ ओहमच्या आसपास दाखवते आणि ती चांगलीच असते. तापल्यावर येणाऱ्या तक्रारीत थंड आणि गरम अशी दोन्ही मोजमापे घ्यावीत. गरम झाल्यावर आकडा एकदम अनंत झाला किंवा वाढण्याऐवजी घटला, तर कॉइल सदोष आहे.

सारख्या सोलेनॉईडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे हा चांगला मार्ग आहे. चारपैकी तीन १५ आणि एक ११ दाखवत असेल, तर संशय त्या चौथ्यावर घ्यावा. स्कॅनरमध्ये अॅक्च्युएटर टेस्ट असेल, तर इंजिन बंद ठेवून एकेका सोलेनॉईडचा टिक असा आवाज ऐकावा. लिनिअर सोलेनॉईडला बॅटरीचे थेट १२ व्होल्ट देऊ नयेत, ती कॉइल त्यासाठी बनवलेली नसते.

कॅन लाईन

यू ०१०० म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी आणि यू ०१०१ म्हणजे टीसीयूशी संपर्क तुटला. येथे आधी त्या युनिटचा सप्लाय आणि अर्थ पाहावा, कारण ज्याला वीजच मिळत नाही तो उत्तर देणार नाही. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढून, काही मिनिटे थांबून, स्कॅनर जेथे जोडतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजावा. कॅन लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० ओहम मिळाले पाहिजेत. १२० मिळाले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ मिळाले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्या गाडीत मध्ये गेटवे (एका लाईनवरची माहिती दुसरीकडे पोचवणारे युनिट) असतो, तेथे सॉकेटवरचे मोजमाप इंजिन-गिअरबॉक्सच्या लाईनबद्दल काही सांगत नाही; तेथे टीसीयूच्या कपलरवर मोजावे. उंदराने कुरतडलेली कॅनची जोडी दुरुस्त करताना दोन वायरींचा पीळ तसाच राहील असे पाहावे.

दुरुस्ती आणि ट्रायल

वायर जोडताना नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळणे या कामात चालत नाही. त्याच जाडीची वायर, नीट दाबलेला क्रिम्प किंवा सोल्डर, आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरावी. शेजारच्या दोन वायरींचे जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घ्यावेत. सेन्सर किंवा सोलेनॉईड बदलायचा असेल, तर वरच्या चाचण्यांनी तो सदोष ठरल्यावरच बदलावा. टीसीयू सर्वांत शेवटी. सप्लाय, अर्थ, सेन्सर, सोलेनॉईड आणि वायरी हे सर्व कागदावर आकड्यांसह चांगले ठरल्याशिवाय टीसीयूचा निर्णय घेऊ नये, कारण नव्या युनिटला कोडिंग लागते आणि जुन्या बाजारातून आणलेल्या युनिटमध्ये दुसऱ्याच गाडीची माहिती भरलेली असू शकते. एएमटीत क्लच किंवा अॅक्च्युएटरचे काम झाले असेल, तर स्कॅनरने लर्निंग, म्हणजे युनिटला क्लच-गिअरच्या जागा नव्याने शिकवणे, करून घ्यावेच लागते.

मग कोड पुसून ट्रायल घ्यावी. गॅरेजभोवतीची एक फेरी पुरेशी नाही. मी गाडी आधी त्र्यंबक रस्त्याने वीसेक मिनिटे चालवून ऑइल पूर्ण तापवतो, मग महामार्गाच्या उड्डाणपुलावर एकसारख्या वेगाने नेऊन टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक लागतो आणि सुटतो का ते पाहतो, आणि परतताना द्वारकेच्या गर्दीत थांबत-चालत आणतो. या तिन्ही प्रकारच्या चालण्यात ग्राफ स्वच्छ राहिला, तर इंजिन बंद न करता पुन्हा स्कॅन करून पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड पाहतो. पावसातल्या तक्रारीसाठी दुरुस्त केलेल्या कपलरवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून तोच ग्राफ पुन्हा बघतो. प्रेशरचे पाणी मात्र तेथे मारत नाही.

शेवटी जॉब कार्डवर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत: अर्थचा ड्रॉप, बॅटरीचे व्होल्टेज, बदललेल्या पार्टचा रेझिस्टन्स आणि किलोमीटर. ग्राहकाला आठ-दहा दिवसांनी, किंवा तक्रार पावसाची असेल तर पहिल्या जोरदार सरीनंतर, पुन्हा बोलवावे आणि तेव्हा गाडी आली, की बोनेट उघडण्याआधी टीसीयूतले पेंडिंग कोड वाचावेत.